रस्ता आणि ड्रॅग, दोन्हीसाठी कॉन्टेसा: पुढचं सस्पेन्शन कोणतं ठेवू?

काळीमाती (धागाकर्ता)
मंडळी, सल्ला हवाय. गाडी कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ पेट्रोल, पाच गिअर, लातूर पासिंग. पत्राकाम उरकलंय. इंजिनाचं काम चालू आहे, त्याचं पुराण इथं लावत नाही. कंपनीच्या ८८ हॉर्सपॉवरपेक्षा बरीच जास्त पण दोनशेच्या आत, एवढं धरून चाला.

पुढची बाजू सगळी उघडली आहे. बुश (सांध्यातली रबरं) खलास, बॉल जॉइंट हातानं हलतात, स्प्रिंगा बसल्यात, शॉकअप नावालाच उरलेत. खर्च होणारच आहे, तर एकदाच काय तो नीट करावा म्हणतो. गाडी वर्षभर लातूर–अंबाजोगाई–परळी पट्ट्यात फिरणार, घरची माणसं बसणार. आणि वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग, म्हणजे पाव मैल, ४०२ मीटरची सरळ शर्यत.

चार पर्याय दिसतात. मूळचेच डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) नवे बुश आणि बॉल जॉइंट टाकून बसवायचे. तेच आर्म ठेवून कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच स्प्रिंग) लावायचे. दुसऱ्या एखाद्या गाडीचे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा एकच खांब, वरचा आर्म नाही) घालायचे. नाहीतर क्रॉसमेंबरसकट (पुढच्या आडव्या तुळईसकट) सगळं पाइपमधून नवं बनवून घ्यायचं. फॅब्रिकेटर शेवटच्या पर्यायावर अडून बसलाय. त्यानं आकडा सांगितला तेव्हा मला घाम फुटला. तुम्ही काय कराल?

डिझेलअण्णा
कॉन्टेसा म्हणजे साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी. पांढरी, काळ्या काचा, मागं टॉवेल टाकलेली सीट. ती ड्रॅगला नेणार म्हणजे चेअरमन पहिल्यांदाच वेळेवर पोचणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

नानलपेठकर
स्ट्रट घाला आणि मोकळे व्हा. सुटे भाग कुठंही मिळतात, वजन कमी, जागाही कमी लागते. परभणीत कॉन्टेसाचा लोअर आर्म शोधायला निघालात तर रिटायर व्हाल.

शंकासुर
मला एवढंच कळतं की ड्रॅगला पुढं जितकी मऊ स्प्रिंग तितकं वजन मागं जास्त जातं. मऊ स्प्रिंग टाका, अँटी-रोल बार (गाडी कलू न देणारा दांडा) काढून फेका, झालं. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

एमएच२३
@शंकासुर, बार काढून फेका आणि मग मांजरसुंब्याचा घाट उतरून दाखवा. समोरून उसाची डबल ट्रॉली आली आणि गाडी एका अंगावर कलली की चर्चा करण्यासारखं काय आहे ते कळेल.

मूळ प्रश्नाबद्दल: आपल्याकडचे रस्ते काळ्या मातीवर आहेत. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते. भराव नीट नसला तर वरचं डांबर कितीही चांगलं असो, दोन वर्षांत रस्त्याला लाटा येतात. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात गाडी लाटेवर चढली की पुढचं सस्पेन्शन पूर्ण सुटतं आणि लगेच पूर्ण दबतं. इथं स्प्रिंगच्या मऊपणापेक्षा चाकाला वर-खाली जायला जागा किती आहे ते बघा. गाडी खाली बसवायचा मोह टाळा.

वाळूजकर
नोकरी शॉकअपच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो. हलकेच घ्या.

@शंकासुर, तुमचा समज फार लोकांचा आहे. सुटताना मागं किती भार जाणार हे गाडीचं वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस ठरवतात. कॉन्टेसाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६६७ मिमी. चालकासकट वजन १२५० किलो आणि गुरुत्वमध्य ५५० मिमी उंचीवर धरू. टायरनं अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा) प्रवेग पेलला, तर १२५० × ०.५ × ५५० ÷ २६६७, म्हणजे साधारण १२९ किलो मागच्या चाकांवर जातात. या गणितात स्प्रिंग कुठं आली? नाक चार बोटं वर गेलं म्हणजे गुरुत्वमध्य थोडा चढतो हे खरं, पण त्यानं फरक पडतो तो पाच-दहा किलोंचा.

मग ड्रॅगवाले पुढं मऊ का ठेवतात? वेळेसाठी. तो भार मागच्या टायरवर किती पटकन आणि किती सावकाश येतो, हे पुढच्या शॉकअपचं रिबाउंड, म्हणजे ताणलं जायला तो किती विरोध करतो, ते ठरवतं. म्हणून तिकडं ९०/१० शॉकअप निघाले: ताणायला एकदम मोकळे, दबायला जड. नाक झटकन उठतं आणि गिअर बदलताना लगेच आपटत नाही. धावपट्टीवर पहिल्या ६० फुटांत याचा फायदा दिसतो. पण हाच शॉकअप घेऊन अंबाजोगाईला निघालात तर चाक खड्ड्यात सहज पडेल, समोरची कड आली की दबायला तयार होणार नाही, आणि दणका सरळ तुमच्या कमरेत बसेल.

तुमच्यासाठी बाहेरून रिबाउंड फिरवता येणारा शॉकअप. रस्त्यावर घट्ट, धावपट्टीवर मोकळा. मधे दोन मिनिटांचं काम. पैसा घालायचाच असेल तर तो इथं घाला, पाइपच्या आर्ममध्ये नको.

शंकासुर
मान्य. पण मग इंटरनेटवर सगळे अमेरिकन लोक पुढची बाजू कापून मस्टँग टूचं सस्पेन्शन का घालतात? ते काय येडे आहेत?

गाडीवेडी
येडे नाहीत, त्यांची अडचण वेगळी आहे. जुन्या गाडीत मोठं व्ही-८ घुसवायचं असतं, मूळ क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंग एक्झॉस्टच्या आड येतं. १९७४ ते ७८ च्या मस्टँग टूची पुढची रचना आटोपशीर होती, रॅक स्टिअरिंग होतं, म्हणून तिच्यावरून तयार किट निघाले. काळीमाती यांच्या गाडीत चार सिलिंडर एका रांगेत आहेत, दोन्ही बाजूंना हात घालून चहाचा कप ठेवता येईल एवढी जागा. जी अडचण नाही तिच्यावर पैसे कशाला?

@नानलपेठकर, स्ट्रटबद्दल थोडं. स्ट्रटमध्ये गाडीचा भार वरच्या टॉवरमध्ये जातो. मारुती ८०० ची बॉडी तशी डिझाइन केलेली आहे. कॉन्टेसाच्या आतल्या मडगार्डच्या पत्र्यानं तो भार कधी पेललाच नाही. तिथं टॉवर उभारायचा, तो चेसिसच्या रेल्सना बांधायचा, दोन्ही टॉवर एकाच उंचीला आणि एकाच कोनात यायला हवेत, मिलिमीटरचा हिशेब. शिवाय बॉनेट बंद व्हायला पाहिजे. ‘घाला आणि मोकळे व्हा’ इतकं ते सोपं नाही.

आणि स्प्रिंगचं गणित जाता जाता, कारण हे लोक हमखास चुकतात. स्ट्रटची स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. विशबोनमध्ये ती आर्मच्या मधे कुठंतरी बसते, म्हणून चाक १०० मिमी हललं तर स्प्रिंग ६०-७० मिमीच हलते. या प्रमाणाचा वर्ग लागतो. म्हणजे २५ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग स्ट्रटमध्ये चाकाशी साधारण २२ देईल, आणि ०.६ प्रमाणाच्या विशबोनमध्ये फक्त ९. त्यामुळं ‘अमक्या गाडीची स्प्रिंग बसते’ यावर विश्वास ठेवू नका. बसेल हो, चालणार नाही.

नानलपेठकर
ताई, वर्गाचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली. पण सुट्या भागांचा मुद्दा मी सोडत नाही. आर्म वाकला तर आणणार कुठून?

उदगीरचा_पप्पू
स्प्रिंग मऊ पाहिजे ना? एक वेढा कापून टाका की. आमच्याकडं गॅसकटरनं पाच मिनिटांत करून देतात. गाडी खाली पण बसती आणि मऊ पण होती. 😎

गाडीवेडी
@पप्पू, उलटं आहे. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते. आठ चालत्या वेढ्यांतला एक कापला तर कडकपणा आठ सप्तमांश पट, म्हणजे १४ टक्क्यांनी वाढतो. गाडी मऊ वाटते कारण गॅसच्या आचेनं स्प्रिंगचं पाणीच उतरलेलं असतं आणि ती रोज थोडी थोडी बसत जाते. त्यात कापलेली स्प्रिंग चाक पूर्ण लटकलं की खोबणीत सैल होते. लाटेवरून गाडी उडाली आणि स्प्रिंग जागेवर परत बसली नाही तर काय, हे तुम्हीच ठरवा.

उदगीरचा_पप्पू
बरं बरं. मी फक्त विचारायलोय.

तिठ्यावरचा
एवढं सगळं कामून करायलात? रात्री अकरानंतर जालन्याजवळ समृद्धीवर जा, एक पास मारा, कळतंय की सस्पेन्शन कसं आहे ते.

एमएच२३
तिथं १२० ची मर्यादा आहे, रात्रीचे ट्रकवाले झोपेत असतात आणि एकेकाचे टायर फुटून काय झालंय ते पेपरात वाचतो आपण. असले सल्ले इथं नकोत. ड्रॅग धावपट्टीवर, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना.

डिझेलअण्णा
सहमत. अवांतर: आमच्या गावात १९९० च्या सुमारास एका पुढाऱ्याची कॉन्टेसा होती, तीत जुनं दीड लिटरचं इंजिन, कशीबशी ५० हॉर्सपॉवर. प्रचाराला निघाली की चढावर कार्यकर्ते उतरून चालायचे. ते म्हणायचे पदयात्रा आहे. इसुझूचं इंजिन आल्यावर पदयात्रा बंद झाल्या.

कोर्टकचेरी
धागा छान रंगलाय, मधे कायद्याचा खडा टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. बुश, बॉल जॉइंट, शॉकअप बदलणं ही देखभाल. क्रॉसमेंबर कापून दुसरी रचना वेल्ड करणं ही देखभाल नव्हे. गाडी पंधरा वर्षांपुढची आहे, नूतनीकरणाला आरटीओत तपासणी होणारच. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा वेल्डिंग बघतो. इंजिनाबद्दल काळीमाती यांनी पुराण लावलं नाही ते बरंच केलं, पण त्याचाही विचार करून ठेवा.

दोरालंबक
सगळे स्प्रिंग आणि शॉकअपवर बोलायलेत. बंपस्टिअरचं कुणी नावही काढलं नाही. माझं आयुष्य अलाइनमेंटच्या खड्ड्यात गेलं, म्हणून सांगतो.

सुटताना पुढचं नाक वर येतं. म्हणजे चाकं बॉडीच्या मानानं खाली जातात. आर्म एका कंसात फिरतो, टायरॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) दुसऱ्या कंसात. दोन्ही जुळले नाहीत तर चाकं आपोआप आत किंवा बाहेर वळतात, हेच बंपस्टिअर. स्टिअरिंग तुम्ही सरळ धरलेलं, गाडी मात्र डावीकडं निघालेली. मग गिअर बदलला, नाक खाली आलं, पुन्हा उजवीकडं. धावपट्टीवर याला लोक ‘गाडी भिरभिरते’ म्हणतात आणि टायरला शिव्या देतात. लातूर रोडच्या लाटांवरही हेच होतं, फक्त हळू.

हे मोजायला मशीन लागत नाही. गाडी समतल फरशीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. स्प्रिंग काढा, म्हणजे चाक हातानं वर-खाली होईल. स्टिअरिंग सरळ करून बांधून टाका, मुलांना हात लावू देऊ नका. हबवर एक सपाट लोखंडी पट्टी आवळा, चाकाच्या व्यासाएवढी लांब. गाडीच्या लांबीला समांतर दोरा ताणा, नायलॉनचा, गवंड्याचा असतो तो. पट्टीच्या पुढच्या टोकापासून दोरा किती, मागच्या टोकापासून किती, दोन्ही लिहा. आता जॅकनं हब २५ मिमी उचला, पुन्हा लिहा. अजून २५. मग गाडीच्या उभ्या उंचीपेक्षा खाली २५, खाली ५०. प्रत्येक वेळी दोन मापांतला फरक काढा, तो म्हणजे त्या उंचीला चाकाचा टो, चाक आत-बाहेर किती वळलंय ते. फरक सगळीकडं जवळजवळ तेवढाच राहिला तर देवाला नारळ फोडा. एक-दोन मिमीपेक्षा जास्त हलला तर टायरॉडचं टोक वर किंवा खाली घ्यावं लागतं, पातळ वॉशर घालून बघत बघत.

आणि हे मूळच्या आर्मवर सुद्धा करा. बुश झिजलेले, कधीतरी आर्म किंचित वाकलेला, कुणीतरी चुकीचं टायरॉड लावलेलं असतं. नवं बनवून घेतलं तर हे सगळं शून्यापासून फॅब्रिकेटरनं जुळवायला हवं. त्याला एवढंच विचारा, “बंपस्टिअर कसं मोजणार?” तो काय बोलतो ते बघा, मग पैसे द्या.

वाळूजकर
या प्रतिसादाला दंडवत. कंपनीत यासाठी लाखांचं यंत्र आहे, काम हेच करतं.

गाडीवेडी
+१. कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढं-मागं कल) तिथंच बघून घ्या. ड्रॅगसाठी पॉझिटिव्ह कॅस्टर जास्त ठेवतात, वेगात गाडी सरळ धरते. पॉवर स्टिअरिंग नसेल तर बाजारात पार्क करताना दंड दुखतील, तेवढं गृहीत धरा.

बोल्टटाइट
मी थोडा वेगळा सूर लावतो. पाइपचे आर्म इतके वाईट नाहीत. मी अशी गाडी ट्रॅकवर चालवतो. पाइप सीडीएस (बिनसांध्याचा) हवा, फर्निचरचा ईआरडब्ल्यू (वेल्ड केलेल्या सांध्याचा) नको, वेल्डिंग टिगनं, नंतर वेल्डच्या कडेला डीपी टेस्ट (रंग लावून तडे शोधायची). तडा वेल्डमध्ये जात नाही, शेजारच्या तापलेल्या पट्ट्यात जातो. हे सगळं नीट केलं तर वजन वाचतं, कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हवे तसे बसवता येतात.

एमएच२३
ट्रॅकवर, बरोबर. तिथून ट्रेलरवर घरी. टोकाला ‘रोज जॉइंट’ (रबराशिवायचे, धातूच्या गोळ्याचे सांधे) लावलेत ना? आपल्याकडं धूळ आणि काळा चिखल यांत रोज जॉइंटचा एक पावसाळाही भरवसा नाही. खटखट सुरू झाली की सुरूच.

बोल्टटाइट
रबरी बूट मिळतात त्यांना. पण हो, खटखट होते. मी रेडिओ मोठा करतो. 😀 रस्त्यासाठी रबर बुशच बरे, हे मान्य. पॉलियुरेथेनसुद्धा ग्रीस सुकलं की किरकिरतात.

नानलपेठकर
म्हणजे शेवटी जुनंच बसवा असं सगळ्यांचं म्हणणं? मग सुटे भाग?

दोरालंबक
बुश लेथवर स्लीव्ह काढून दुसऱ्या मापाच्या रबरानं भरता येतात. बॉल जॉइंटचा टेपर (निमुळता भाग) जुळवून दुसऱ्या गाडीचा बसवतात, पण टेपर डोळ्यानं जुळवू नका. निळा रंग लावून फिरवून बघा, पूर्ण गोल ठसा उमटला पाहिजे. अर्धा उमटला तर तो जॉइंट भंगारात. वाकलेला आर्म तापवून सरळ करणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढं चला.

शंकासुर
पुढं सायकलसारखे बारीक टायर लावतात ड्रॅगवाले, त्याचं काय?

वाळूजकर
धावपट्टीवर ठीक. पण ब्रेक लावला की सगळा भार पुढं येतो आणि थांबवायचं काम पुढचे टायरच करतात. रस्त्यावर पुढं मूळ रुंदीच ठेवा. हवंच असेल तर दोन रिम वेगळे ठेवून तिथं पोचल्यावर बदला.

काळीमाती (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

फॅब्रिकेटरला बंपस्टिअरचा प्रश्न विचारला. म्हणाला, “सर, ते अलाइनमेंटवाला बघतो.” विषय संपला.

मूळचे विशबोन ठेवतोय. रबर बुश, बॉल जॉइंट टेपर तपासून, आर्म दोन्ही बाजूंचे एकमेकांवर ठेवून मापून. स्प्रिंग मूळ कडकपणाची नवी वळवून घेणार, कापणार नाही. पैसे रिबाउंड फिरवता येणाऱ्या शॉकअपमध्ये. अँटी-रोल बार राहणार. धावपट्टीवर वाटलंच तर एका बाजूची लिंक सोडून बघेन आणि परतताना लावेन. वाचलेले पैसे मागच्या ॲक्सल आणि टायरकडं वळवतोय, खरी गरज तिथंच आहे असं आता वाटायलंय. स्ट्रटवाल्यांनी राग मानू नये.

एक शंका: नाक फार उठू नये म्हणून पट्टे लावतात म्हणे. सीटबेल्टचा पट्टा चालेल?

वाळूजकर
नको. झटका बसून बसून शिलाई उसवते. त्यासाठी अनेक पदरी नायलॉनचे तयार पट्टे मिळतात. शॉकअप पूर्ण ताणायच्या थोडं आधी पट्टा घट्ट व्हावा, एवढीच लांबी ठेवा. तुमच्या ताकदीत पट्ट्याची गरज पडेल असं वाटत नाही, पण शॉकअपचा आतला स्टॉप वाचतो.

दोरालंबक
आणि शेवटचं अलाइनमेंट करताना चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवा, टाकी अर्धी भरलेली. रिकाम्या गाडीवर केलेलं अलाइनमेंट तुम्ही बसलात की बदलतं.

काळीमाती (धागाकर्ता)
सोयाबीनचं पोतं चालेल का? भाव नसल्यानं घरातच पडून आहेत.

दोरालंबक
चालेल. वजन करून घ्या, आणि एकच ठेवा. बाकीची डिकीत नको.